माती आणि पाणी वाचवण्याची पदवी: कृषी विद्यापीठात नेमके काय शिकवतात?

बारावीचा निकाल लागतो आणि प्रवेशाच्या याद्या सुरू होतात, तेव्हाच राज्याच्या निम्म्या तालुक्यांत टँकरचे हिशेबही चालू असतात. या दोन बातम्या वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक माती आणि पाणी कसे राखावे, याचे चार वर्षांचे रीतसर शिक्षण आपल्या सरकारी कृषी विद्यापीठांत पन्नासहून अधिक वर्षे दिले जात आहे. तरीही नैसर्गिक साधनसंपत्तीचे संधारण हा विषय घेतला असे एखाद्या मुलाने सांगितले, तर घरातली मंडळी त्याला झाडे लावण्याचा अभ्यासक्रम समजतात किंवा सरळ शेतीची पदवी समजतात. हा अभ्यास नेमका काय आहे, त्यात कशाचे मोजमाप करतात आणि एवढे शिकलेले लोक असताना गावे कोरडी का राहतात, हे प्रश्न म्हणूनच नीट उलगडून पाहण्यासारखे आहेत.

हा विषय कुठे शिकवतात

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये आणि परभणीचे व दापोलीचे अशी दोन विद्यापीठे १९७२ मध्ये स्थापन झाली. परभणीच्या विद्यापीठाला आता वसंतराव नाईकांचे आणि दापोलीच्या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंतांचे नाव आहे. १९७२ हे मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. खडी फोडण्याच्या आणि बांध घालण्याच्या कामांवर गावेच्या गावे जात होती, त्याच काळात या विद्यापीठांची घडी बसत होती.

संधारणाचा अभ्यास येथे प्रामुख्याने तीन वाटांनी होतो. पहिली वाट कृषी अभियांत्रिकीतल्या बी. टेक. पदवीची. चारही विद्यापीठांत ती उपलब्ध असून मृदा व जलसंधारण अभियांत्रिकी हा तिच्यातला एक स्वतंत्र विभाग असतो, ज्यात पुढे एम. टेक. आणि पीएच. डी. करता येते. दुसरी वाट वनशास्त्राच्या पदवीची असून तिची महाविद्यालये दापोली आणि अकोला येथे आहेत. तिसरी वाट बी. एस्सी. कृषी करून पुढे मृदविज्ञान किंवा कृषिविद्या (पीक घेण्याचे शास्त्र) या विषयांत जाण्याची आहे. पुणे, जळगाव, कोल्हापूर येथील पारंपरिक विद्यापीठांत पर्यावरणशास्त्र शिकवले जाते, परंतु तिथला भर प्रदूषण, परिसंस्था आणि कायदे यांवर अधिक असतो. कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला मात्र शेवटी कोणाच्या तरी बांधावर उभे राहून चर कुठे काढायचा, हे सांगावे लागते. प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतो. अभियांत्रिकीच्या वाटेला गणित लागते, त्यामुळे बारावीला गणित सोडलेल्यांनी ही गोष्ट आधीच पाहून ठेवावी.

माती वाहून जाते म्हणजे किती जाते

या अभ्यासाची सुरुवात मोजण्यापासून होते. भारतात दरवर्षी एका हेक्टरमागे सरासरी १६ टनांहून थोडी अधिक माती धुपते, असा अंदाज १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी मांडला आणि तो आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो. १६ टन ऐकायला प्रचंड वाटतात, पण एका हेक्टरवर पसरले तर तो थर जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा होतो. धूप शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही ती यामुळेच. सव्वा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, मात्र वीस वर्षांत अडीच सेंटिमीटर माती जाते. तेवढी नवी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि माळरानावर तर एकूण मातीच वीतभर असते.

ही धूप मोजतात कशी, ते पाहण्यासारखे असते. उताराच्या जमिनीवर ठरावीक लांबी-रुंदीचा पट्टा आखून त्याच्या कडा पत्र्याने किंवा विटांनी बंद करतात, म्हणजे बाहेरचे पाणी आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही. पट्ट्याच्या खालच्या टोकाला टाकी बसवतात. मोठ्या पावसात सगळे पाणी त्या टाकीत मावणार नाही, म्हणून मध्ये सारख्या मापाच्या खाचा असलेली विभाजक पेटी लावतात. एकाच खाचेतले पाणी टाकीत जाते, बाकीचे सोडून दिले जाते आणि नंतर खाचांच्या संख्येने गुणून एकूण आकडा काढतात. पाऊस थांबल्यावर विद्यार्थी टाकीतले पाणी मोजतो, तळाचा गाळ हलवून एकजीव करतो, बाटलीत नमुना घेतो, तो भट्टीत १०५ अंशांवर सुकवतो आणि उरलेल्या मातीचे वजन करतो. मध्यरात्री पाऊस झाला तरी हे काम सकाळी करावेच लागते, कारण पुढच्या पावसाआधी टाकी रिकामी नसेल तर नोंद वाया जाते. शेजारच्या पट्ट्यांत कुठे पडीक जमीन, कुठे उताराला आडवी पेरलेली ज्वारी, तर कुठे हुलग्या-मटकीसारखे जमीन झाकणारे पीक असते, आणि एका हंगामाच्या नोंदी समोर ठेवल्या की कोणत्या पिकाखालून किती माती गेली, ते समजते.

अशाच हजारो नोंदींवरून अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी मातीच्या धुपीचे समीकरण बसवले आणि ते आपल्याकडेही शिकवले जाते. समीकरण अवघड नाही. पावसाचा मारा, मातीची धुपण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय हे पाच घटक मोजून त्यांचा गुणाकार करायचा. यातली मेख गुणाकारात आहे. पाचांपैकी एखादा घटक निम्मा केला तरी एकूण धूप निम्मी होते. पाऊस आणि मातीचा प्रकार आपल्या हातात नसतो, पण बांध घालून उताराची लांबी तोडता येते, पिकाने जमीन झाकता येते आणि नांगरट उताराला आडवी करता येते. बांधबंदिस्तीमागचे गणित एवढेच आहे.

पाऊस पडतो किती आणि वाहतो किती

मला विचाराल तर या संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि सार्वजनिक चर्चेत नेमका तोच गाळला जातो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. ६०० मिलिमीटर पाऊस झाला की एका हेक्टरवर ६० लाख लिटर पाणी पडते. हा आकडा भाषणांत हमखास येतो आणि त्यापाठोपाठ थेंबन्‌थेंब अडवण्याची घोषणा येते. परंतु पडलेले पाणी आणि वाहणारे पाणी यांत मोठा फरक असतो. वाहून येणाऱ्या पाण्याला तांत्रिक भाषेत अपधाव म्हणतात. बंधारा भरतो तो अपधावाने; पडलेल्या पावसाचा मोठा हिस्सा त्याआधीच मातीत मुरतो आणि तिथून पिकाच्या मुळांवाटे व उन्हाने परत हवेत जातो.

इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या प्रवाहमापनांवरून १९२९ मध्ये दोन सूत्रे दिली, एक घाटमाथ्यासाठी आणि एक दख्खनच्या पठारासाठी. पठाराच्या सूत्रात वर्षाचा ६० सेंटिमीटर पाऊस घातला तर अपधाव सुमारे १० सेंटिमीटर येतो, म्हणजे सहावा हिस्सा. घाटाच्या सूत्रात ३०० सेंटिमीटर पाऊस घातला तर जवळपास २२५ सेंटिमीटर वाहून जातात, म्हणजे तीन चतुर्थांश. आता पठारावर वाईट वर्ष आले आणि ६० ऐवजी ४० सेंटिमीटरच पाऊस झाला, तर काय होते? पाऊस एक तृतीयांशाने घटतो, पण अपधाव १० वरून साडेतीन सेंटिमीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांशाने घटतो. सूत्र जुने आहे, ते मोठ्या पाणलोटांच्या, म्हणजे ज्यांचे सगळे पाणी एकाच ओढ्या-नदीला मिळते अशा क्षेत्रांच्या, वार्षिक हिशेबासाठी आहे आणि एखाद्या शिवाराला जसेच्या तसे लावू नये, हेही वर्गात शिकवतात. तरी त्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे: ज्या वर्षी बंधाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वर्षी त्यात येणारे पाणी पावसापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आटते.

कोरड्या भागात मूलस्थानी जलसंधारणाला, म्हणजे पाऊस जिथे पडला तिथेच मातीत मुरवण्याला, इतके महत्त्व देतात ते या हिशेबामुळे. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाची परंपरा १९३३ पासूनची असून ते केंद्र आज राहुरी विद्यापीठाकडे आहे. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मातीचे लहान वरंबे घालून चौकोनी कप्पे पाडायचे, सप्टेंबरपर्यंतचे पाणी त्यांत जिरवायचे आणि मग त्या ओलीवर पेरणी करायची, ही कप्पेबंदीची शिफारस त्या कामातलीच आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ, हीच गोष्ट दुसऱ्या रूपात करते. सरीत पाणी मुरते आणि अतिवृष्टीत जादा पाणी त्याच सरीने बाहेर निघते. यांपैकी कशाचेही उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला जागाच नसते. कदाचित म्हणून त्यांची बातमी होत नसावी.

कोकणचा प्रश्न उलटा आहे. तिथे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झरझर निघून जाते आणि एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसतो. दापोली विद्यापीठाने यासाठी दगडांचे थर आणि प्लास्टिकचा कागद वापरून ओढ्यावर हंगामी पाणी अडवणारा कोकण विजय बंधारा सुचवला, तसेच आंब्या-काजूच्या नव्या कलमांना उन्हाळ्यात हाताने पाणी घालण्यापुरता साठा करणारे छोटे जलकुंड. सोलापूरचा उपाय दापोलीत चालत नाही आणि दापोलीचा सोलापुरात चालत नाही, हे ध्यानात घेतले तर राज्यभर एकच नकाशा छापून योजना राबवण्यात काय चुकते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

जमिनीखाली पाणी साठतेच ना?

साठते, पण किती साठते हे खडकावर ठरते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. दगडांनी गच्च भरलेल्या हंड्यात पाणी ओतले तर तो चार तांब्यांत काठोकाठ भरतो आणि तितक्याच लवकर रिकामा होतो. आपल्या विहिरींचे तसेच आहे. बेसाल्टमधून काढता येण्याजोगे पाणी त्याच्या आकारमानाच्या ढोबळमानाने दोन टक्के धरले, तर विहिरीची पातळी एक मीटरने वाढणे म्हणजे प्रत्यक्षात २० मिलिमीटरच पाणी साठणे होय. ऑगस्टमध्ये विहीर तीन मीटरने वर आली की गावात आनंद होतो, पण जमिनीखाली ६० मिलिमीटर पाण्याचीच भर पडलेली असते.

आता खर्चाची बाजू पाहू. उसाला वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातला पावसाचा वाटा ५०० मिलिमीटर धरून वजा केला, तरी १,५०० मिलिमीटर उपसावे लागतात. म्हणजे विहिरीवर घेतलेला एक हेक्टर ऊस ७५ हेक्टर शिवाराखालची पाण्याची पातळी एक मीटरने उतरवू शकतो. पाटाने दिलेल्या पाण्यापैकी काही पुन्हा मुरते, हे मान्य करूनही आकडा अंगावर येतो. या जमाखर्चालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात आणि तो मांडता येणे ही संधारण शिकलेल्या माणसाची खरी कसोटी असते.

मग जेसीबी लावून नाले खोल केले, तरी काय बिघडले?

डिसेंबर २०१४ मध्ये राज्य सरकारचे जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, तेव्हा सर्वाधिक दिसणारे काम नाला खोलीकरणाचे होते. गाळ काढणे आणि नाला खोल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साचलेला गाळ काढला तर नाल्याची मूळ क्षमता परत येते. परंतु गाळाच्या खाली जाऊन मुरूम आणि खडक फोडला, तर पाणी धरून ठेवणारा थरच उघडा पडतो, भोवतालच्या विहिरींचे पाणी नाल्यात झिरपते आणि उन्हात त्याची वाफ होते. याच आक्षेपावरून अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले आणि पुढे माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालाने ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प झाल्याचे म्हटले. अभियानाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक गावांत टँकर थांबले. पण पाणलोटाचा पहिला नियम माथा ते पायथा असा आहे. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर बांध, मग घळीत दगडी बांध आणि सगळ्यांत शेवटी नाल्यावर मोठी कामे. माथा सोडून पायथ्याशी खोदत बसले, तर वरून येणारा गाळ दोन पावसाळ्यांत खड्डा बुजवतो.

सलग समतल चर म्हणजे एकाच उंचीवरच्या रेषेत खणलेला साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचा चर. ही समपातळी रेषा चुकली तर चरातले पाणी एका टोकाला धावते, तिथे चर फुटतो आणि पाणी अडण्याऐवजी नवी घळ पडते. विद्यार्थ्यांना डंपी लेव्हल, ए-फ्रेम किंवा पाण्याची नळी असलेला हायड्रोमार्कर अशी समपातळी शोधण्याची साधने घेऊन दिवसभर टेकडीवर आखणी करायला लावतात ती म्हणून.

शेततळ्यांबाबतही असाच गोंधळ आहे. ओढ्याचे वाहते पाणी साठवणारे शेततळे संधारणाचे काम करते. मात्र विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात भरले, तर सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या कुंपणात येते आणि उन्हाळाभर त्याची वाफ होत राहते. अनुदानाच्या यादीत दोन्हींना नाव एकच असते.

झाडे लावली की झाले, नाही का?

राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. वनशास्त्राचा विद्यार्थी मात्र आधी विचारतो की त्या जागी मुळात काय होते. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर गवत हीच खरी संपत्ती आहे; माळढोक पक्ष्याला उघडे रान लागते आणि गवताची मुळे वीतभर मातीला झाडापेक्षा घट्ट धरतात. अशा ठिकाणी खड्डे पाडून झाडे लावणे म्हणजे संधारणाच्या नावाने माती मोकळी करणे होय. बहुतेक डोंगरउतारांवर चराई आणि तोड थांबवली तर गवत व झुडपे आपोआप परततात आणि खर्चही कमी येतो. अडचण अशी की चराई थांबवायची तर मेंढपाळांशी बोलावे लागते. रोप लावायला कोणाशीच बोलावे लागत नाही.

गावकऱ्यांनी हे पदवीशिवाय करून दाखवले आहे

हा आक्षेप रास्त आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली आणि पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातल्या माणसांवर दिला. हिवरे बाजार या गावात सरपंच पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, शेतीसाठी बोअर घेणे बंद झाले आणि दरवर्षी पाऊस मोजून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरू लागले. बांधकाम हा तिथल्या यशाचा निम्माच भाग आहे, उरलेला निम्मा गावाने स्वतःवर घातलेल्या बंधनांचा आहे, आणि तो कोणत्याही विद्यापीठात शिकून येत नाही.

तरीही पाऊस किती पडला, मुरला किती, उपसता येईल किती, हे आकडे ग्रामसभेपुढे ठेवायला कोणीतरी लागतेच. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली. राज्यातल्या हजारो गावांत ते काम दरवर्षी करायचे, तर प्रत्येक गावाला पोपटराव मिळण्याची वाट पाहता येणार नाही. अभ्यासक्रमात एक सत्र विद्यार्थ्यांना गावात पाठवतात ते याच हेतूने. काही महाविद्यालयांत ते मनापासून होते आणि काही ठिकाणी फलक लावून काढलेल्या छायाचित्रांवर भागते, हेही येथे सांगितले पाहिजे.

नोकरीचे काय?

येथे गोड बोलण्यात अर्थ नाही. राज्यात मृद व जलसंधारण नावाचा स्वतंत्र विभाग आहे, पण त्यातल्या अभियंत्यांच्या पदांसाठी स्थापत्य अभियांत्रिकीच्या उमेदवारांना झुकते माप मिळते, अशी कृषी अभियंत्यांची जुनी तक्रार आहे. २०२३ च्या सुरुवातीला कृषी सेवा परीक्षेच्या अभ्यासक्रमात त्यांच्या विषयाचे स्थान घटल्यावरून राहुरीसह अनेक ठिकाणी विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. माती-पाण्यासाठी चार वर्षे शिकवायचे आणि माती-पाण्याच्या खात्यात त्याच शिक्षणाची किंमत ठेवायची नाही, यात तर्कसंगती दिसत नाही.

बाकीच्या वाटा मात्र खुल्या आहेत. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला कृषी, वनशास्त्र आणि अभियांत्रिकी या तिन्ही पदव्या चालतात. बँकांतील कृषी अधिकारी, नाबार्ड या ग्रामविकास बँकेच्या पाणलोट प्रकल्पांवर काम करणाऱ्या संस्था, ठिबक सिंचनाच्या कंपन्या आणि उपग्रह नकाशांवरून पाणलोट आखणारी कार्यालये येथे या पदवीधरांना जागा मिळतात. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती एकत्र मांडण्याची पद्धत, ज्याला सफाईने येते त्याला काम लवकर मिळते.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालय विद्यापीठाचे घटक आहे की केवळ संलग्न खासगी आहे, हे विचारून घ्यावे, कारण घटक महाविद्यालयाला बहुधा स्वतःचे प्रक्षेत्र (प्रयोगाचे शेत), हवामान वेधशाळा आणि संशोधन योजना असतात. खासगी महाविद्यालय चांगले नसतेच असे नाही; तिथे जाऊन धूप मोजण्याचे पट्टे दाखवा म्हणावे, आणि ते दाखवले तर गेल्या पावसाळ्यातल्या नोंदींची वही मागावी.